पलटण त्यांची, बिल वऱ्हाडाचं

(स्मृती व्याख्यानमालेत पिंपळगाव राजा येथे दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची एक सवय इथल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ध्यानात असेल. धडा दिल्लीचा असो की लंडनचा, ते शेवटी विचारायचे, "मग यात आपलं काय?" संयोजकांनी मला विषय दिला तो असा : परदेशी लष्करी सल्लागार आणि दहशतवादाविरुद्ध लढणाऱ्या स्थानिक फौजा. विषय ऐकून काहींच्या डोळ्यांसमोर काबूल आलं असेल, कुणाच्या मोसुल, कुणाच्या आफ्रिकेतलं माली. तिथं आपण जाऊच. पण गुरुजींचा प्रश्न आधी घेतो. यात आपलं काय?

आपलं पुष्कळ आहे. १८५३ साली हे पिंपळगाव, खामगाव, मलकापूर, मेहकर, सगळं वऱ्हाड एका सरकारच्या हातातून दुसऱ्या सरकारच्या हातात गेलं. कुठल्या लढाईत हरून गेलं? लढाई झालीच नाही. ते गेलं परकी अधिकाऱ्यांनी तयार केलेल्या एका फौजेचा पगार थकला म्हणून. ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला काबूलला जाता येत नाही.

अशी फौज आली की मी तीन गोष्टी तपासतो. तिला हुकूम कोण देतो? तिचा शत्रू कोण ठरवतो? आणि तिचा पगार कोण, कुठून, कसा देतो? कवायत कुणी शिकवली हा प्रश्न माझ्या लेखी फार नंतरचा. बंदूक कशी भरावी, रांग कशी धरावी, हे कुणाकडूनही शिकावं. त्यात कमीपणा कसला?

पहिली गोष्ट हुकमाची.

महादजी शिंद्यांनी १७८४च्या सुमारास एका माणसाला चाकरीला ठेवलं. बेन्वा द बॉइन्य, आपल्याकडं त्याला डिबॉयन म्हणतात. सव्हॉय प्रांतातला, आल्प्सच्या पायथ्याचा. त्यानं दोन पलटणी उभ्या केल्या, त्यांचं वाढत वाढत मोठं कवायती सैन्य झालं. त्याला आपले लोक कंपू म्हणत. अलीगड हे त्याचं मुख्य ठाणं, तिथं तोफांचे कारखाने, आणि खर्चासाठी गंगा-यमुनेच्या दुआबातला मुलूख जायदाद म्हणून लावून दिलेला. १७९० साली पाटण आणि मेडता इथं या पलटणींनी राजपुतांचा पराभव केला. महादजींचा हिशोब चुकला होता का? मी म्हणेन, नाही. हे काम ज्याला येतं त्याला त्यांनी आणलं, आणि महादजी होते तोवर मालक कोण याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

पण महादजी १७९४ साली गेले. डिबॉयनही वर्षा-दोन वर्षांत आपली कमाई घेऊन मायदेशी निघाला. मागे राहिला त्याच्या हाताखालचा फ्रेंच सरदार पेराँ, आणि जायदादही त्याच्याच हाती राहिली. म्हणजे काय झालं बघा. शिंद्यांच्या सर्वांत चांगल्या फौजेचा वसूल शिंद्यांच्या खजिन्यात न येता परस्पर तिच्या सेनापतीकडं जाऊ लागला. शिपायाला पगार कोण देतो? पेराँसाहेब देतो. मग शिपाई कुणाचा?

१८०३च्या ऑगस्टमध्ये लढाई तोंडावर आली तेव्हा गव्हर्नर जनरल वेलस्लीनं एक जाहीरनामा काढला : मराठ्यांच्या चाकरीतल्या गोऱ्या सरदारांनी ती सोडावी, कंपनी त्यांची सोय पाहील. ४ सप्टेंबरला अलीगडचा किल्ला पडला. इंग्रजांच्या तुकडीला दरवाजापर्यंतची वाट दाखवणारा ल्यूकन नावाचा गोरा अधिकारी काही दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांचा नोकर होता! आणि खुद्द पेराँ? त्यानं इंग्रज सेनापती लॉर्ड लेककडून सुखरूप जाण्याचा परवाना मागून घेतला आणि गाशा गुंडाळला.

आता इथं थांबून एक गोष्ट नीट ऐका, कारण आपल्या पाठ्यपुस्तकांत ती दोन ओळींत उरकतात. २३ सप्टेंबरला असई झाली. आपल्या बुलढाण्यापासून ती किती लांब? शेजारच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात. तिथं शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमन, हॅनोवरचा जर्मन. या पलटणी आणि त्यांचे गोलंदाज असे लढले की वेलिंग्टननं, म्हणजे त्या वेळच्या आर्थर वेलस्लीनं, दीड हजारांहून जास्त माणसं गमावली. गोलंदाज तोफेपाशी उभे राहिले आणि तोफेपाशीच मेले. आणि १ नोव्हेंबरला उत्तरेत लासवारी झाली. तिथले गोरे अधिकारी बहुतेक निघून गेलेले, तरी पलटणी मागे हटल्या नाहीत. या फौजेला फ्रेंच सरदार लाभले असते तर निकाल काय लागला असता सांगता येत नाही, अशा अर्थाचं स्वतः लेकनंच लिहून ठेवलं. मला मात्र त्यात दुसरंच दिसतं. शिकवणारे पळून गेले आणि शिकलेले उभे राहिले. विद्या शिपायात मुरली होती. कमी होती ती वरची फळी. आपल्यातल्या कुणाला ब्रिगेड चालवायला शिकवलंच नव्हतं. इतकी वर्षं फौज उभी होती, पण गोऱ्याच्या जागी उभा राहील असा एक मराठी, एक हिंदुस्थानी ब्रिगेडियर तयार केला नाही. हा दोष शिकवणाऱ्याचा की शिकवून घेणाऱ्याचा?

यशवंतराव होळकरांनी पुढच्या वर्षी वेगळा मार्ग धरला. आपल्या चाकरीतल्या व्हिकर्स, डॉड आणि रायन या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध लढायला नकार दिला, तेव्हा त्यांची मुंडकी उडवली. राग समजतो. पण मुंडकं उडवल्यानं ब्रिगेडियर तयार होत नाही.

जाता जाता शिवाजी महाराजांचं उदाहरण सांगतो, कारण जिजाऊंचं सिंदखेड आपल्याच जिल्ह्यात आहे आणि तुम्ही ते विचारणारच. १६५९च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडं महाराजांची जहाजं बांधायला रुई लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज आपल्या माणसांसह कामाला होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं कान भरले आणि ही सगळी मंडळी एके रात्री काम टाकून निघून गेली. आरमार थांबलं का? थांबलं नाही. कारण लाकूड कापणारा, खिळा ठोकणारा, शीड बांधणारा हात कोळी-भंडाऱ्यांचा होता, आणि हुकूम महाराजांचा होता.

असईनंतर लढाई आपल्या अंगणात आली. १८०३च्याच २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातलं आडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. मग नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह आणि शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. दोन्ही गावं वऱ्हाडातली. या दोन्ही तहांत एक कलम आहे, त्याकडं फारसं कुणी पाहत नाही. इंग्रजांशी लढाई चालू असलेल्या कुठल्याही सत्तेचा माणूस, किंवा इंग्रजांचा स्वतःचा माणूस, कंपनीच्या संमतीवाचून चाकरीला ठेवायचा नाही. मुलूख घेतला, तोफा घेतल्या, आणि वर गुरू निवडण्याचा हक्कही घेतला. देवगावच्या तहानं वर्धा नदीच्या अलीकडचं वऱ्हाड भोसल्यांकडून सुटलं आणि निझामाच्या पदरात पडलं.

आणि इथून दुसरी गोष्ट सुरू होते, शत्रू कोण ठरवतो याची.

निझामाकडं इंग्रजांची तैनाती फौज आधीच होती. तिच्या खर्चापोटी १८०० सालीच त्यानं बल्लारी-कडप्याकडचा मुलूख देऊन टाकलेला. हिशोब मिटला होता. मग दुसरी फौज आली कुठून? १८००च्या तहात असं होतं की लढाईच्या प्रसंगी निझामानं आपलं सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ इंग्रजांच्या मदतीला द्यावं. लढाईच्या प्रसंगी, हे शब्द लक्षात ठेवा. इंग्रजांची तक्रार सुरू झाली की तुमचं सैन्य बेशिस्त आहे, कामाचं नाही, आम्ही सुधारून देतो. रेसिडेंट हेन्री रसेल यानं १८१३ साली हैदराबादेत रसेल ब्रिगेड उभी केली. अधिकारी इंग्रज, कवायत इंग्रजी, पगार निझामाचा. हीच वाढत वाढत हैदराबाद कंटिंजंट झाली. हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, आणि एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर, ठिकठिकाणी तिच्या छावण्या पडल्या. अचलपूरला आजही परतवाड्याच्या बाजूला छावणी म्हटलं की जुन्या लोकांना कळतं.

ही फौज काय करत होती? १८१७-१८ची मोठी लढाई आटोपली, पेंढारी संपले, आता बाहेरचा शत्रू कोण? कुणीच नाही. पण फौज होती, तेव्हा तिला काम हवं. मग भिल्ल, नाईक, रोहिले, सारा न भरणारा जमीनदार, गढी न सोडणारा देशमुख. नांदेड-हिंगोलीच्या भागात नौसाजी नाईक हा हटकर सरदार होता. १८१९च्या जानेवारीत त्याच्या नोव्हा गढीला मेजर पिटमननं वेढा दिला, तोफांनी भिंत पाडली आणि आत शिरून जवळजवळ सगळी शिबंदी कापून काढली. नौसाजी दरोडेखोर होता की वतनासाठी लढणारा नाईक? त्या काळच्या रयतेला विचारलं असतं तर गावागणिक वेगळं उत्तर मिळालं असतं. मी त्याचं गुणगान करायला उभा नाही. माझं म्हणणं एवढंच की हे ठरवायचा अधिकार हैदराबादच्या दिवाणाकडंही राहिला नव्हता. आणि गढ्या पाडून जो सारा वसूल व्हायचा तो जायचा कुठं? याच फौजेच्या पगाराला. फौज वसुलीसाठी, वसुली फौजेसाठी. हे चक्र एकदा फिरायला लागलं की थांबवणार कोण?

न्यायाला धरून दुसरी बाजूही सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याला, खानदेशात, १८२५ साली जेम्स औट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं भिल्ल कोअर उभारली. धरणगाव तिचं ठाणं. औट्रम भिल्लांच्या पाड्यांवर जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, त्यांना नियमानं पगार दिला. ज्यांना पकडायला पलटणी दमल्या होत्या त्याच माणसांनी डोंगर शांत केला. तंत्र म्हणून हे उत्तमच. डोंगर ज्याचा त्यालाच राखण दिली. आजच्या काळात गडचिरोलीत १९९० साली पोलिसांनी सी-६० पथक उभं केलं तेही याच जाणिवेतून : तिथलाच तरुण, गोंडी-माडिया बोलणारा, वाट आणि पाणवठा माहीत असलेला. पण फरक बघा. सी-६०चा जवान चुकला तर गडचिरोलीच्या माणसाला नागपूरच्या खंडपीठापुढं उभं राहता येतं, विधानसभेत प्रश्न विचारता येतो. प्रश्नाला धड उत्तर मिळतं का, हा वेगळा विषय, त्यावर वेगळं व्याख्यान ठेवा! औट्रमच्या भिल्लानं कुणापुढं जायचं होतं?

आता तिसऱ्या गोष्टीकडं, बिलाकडं येतो, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे.

कंटिंजंटचा खर्च वर्षाला सुमारे ४० लाख रुपयांवर गेला. त्या काळचे ४० लाख. अधिकाऱ्यांची भरताड, पगार गलेलठ्ठ, आणि वर ब्रिगेडियरांची रांग. बिचारा निझाम सगळ्याचं भरतो, अशी थट्टा त्या अधिकाऱ्यांच्याच मेजावर चालायची. पैसा अपुरा पडला की कर्ज. विल्यम पामरच्या पेढीनं फौजेचा पगार भागवायला रकमा दिल्या, व्याज शेकडा पंचवीसच्या आसपास, आणि तारण म्हणून मुलखाचा वसूल लिहून घेतला. मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला तेव्हा त्यालाही हे पाहवलं नाही आणि पेढीचा व्यवहार त्यानं मोडीत काढायला लावला. पण फौज मोडली का? ती राहिली. दिवाण चंदुलालला पदावर टिकायचं तर रेसिडेंटची मर्जी हवी, आणि मर्जी हवी तर फौज हवी. नंतर कंपनीच स्वतः पगाराची रक्कम उचलून देऊ लागली आणि ती निझामाच्या नावे लिहू लागली. सावकार बदलला, खातं तेच.

नांगर धरायला शिकवायला गडी आणावा आणि त्यानं जाताना सातबारा आपल्या नावावर करून घ्यावा, तसं हे झालं. फरक एवढाच की हा गडी गेलाही नाही.

१८५३ साली गव्हर्नर जनरल डलहौसीनं बाकी काढली, ४५ लाखांच्या आसपास. गंमत अशी की शांततेच्या काळात ही फौज ठेवायला निझाम तहानं बांधलेला नाही, हे डलहौसीलाही ठाऊक होतं, त्यानं ते कबूलही केलं होतं. तरी बाकी ती बाकी. कर्नल लो हा रेसिडेंट मसुदा घेऊन दरबारात गेला. निझाम नासिरुद्दौला म्हणाला त्याचा आशय असा, की राजाला दोन गोष्टी लाजिरवाण्या : आपला वडिलोपार्जित मुलूख देऊन टाकणं आणि आपल्या इमानी शिपायांना घरी पाठवणं. बघा कसा अडकला माणूस! मुलूख द्यायचा नाही तर फौज मोडा, फौज मोडायची नाही तर मुलूख द्या. मग दिवाणाकडं एक पत्र गेलं की पुण्याहून गोऱ्या पलटणींना निघायच्या तयारीत राहण्याचे हुकूम सुटले आहेत. २१ मे १८५३ला तह झाला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात. पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने कायमचे, आणि त्यांचा खर्च या मुलखाच्या वसुलातून.

म्हणजे इथल्या शेतकऱ्यानं १८५३च्या दिवाळीला जो सारा भरला, त्यातून हिंगोलीच्या घोड्याची चंदी झाली. उत्तर वऱ्हाडाचं मुख्य ठाणं बुलढाण्याला बसलं ते याच व्यवहारातून. साहेबाला तिथली हवा मानवली, हे खरं. पण हवा खायला तो इथवर आला कसा, हे आपण विसरतो. आणि कापूस? १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला, जलंब-खामगाव रेल्वे सुरू करायला. आठ-दहा मैलांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय! खामगावच्या बाजारातल्या गठाणी मँचेस्टरला न्यायच्या होत्या. फौजेच्या बाकीपोटी आलेला मुलूख कापसाचा निघाला हा योगायोग आहे असं ज्याला मानायचं त्यानं मानावं.

१८५७ला काय झालं? मोमिनाबादहून औरंगाबादला आणलेल्या कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळात जूनमध्ये खळबळ झाली. आपल्याला दिल्लीवर नेणार, आपल्याच माणसांवर, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांतल्या मीर फिदा अलीला फाशी झाली, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. बाकीची कंटिंजंट सर ह्यू रोजबरोबर मध्य हिंदुस्थानात गेली, झाशीच्या राणीविरुद्ध, तात्या टोपेंविरुद्ध लढली. त्यांचा दाणागोटा वऱ्हाडच्या साऱ्यातून. या वाक्याशी मी दर वेळी अडतो.

आता काबूलला चला. अमेरिकेनं वीस वर्षांत अफगाण फौजेवर ८० अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला. विमानं दिली, हेलिकॉप्टरं दिली. पण ती दुरुस्त कोण करायचं? बहुतांशी परदेशी कंत्राटदार. २०२१च्या उन्हाळ्यात कंत्राटदार निघाले, विमानं जमिनीवर बसली, आणि १५ ऑगस्टला काबूल पडलं. अफगाण शिपाई भित्रा होता का? त्या वीस वर्षांत हजारोंनी मेले ते. लासवारीची आठवण ठेवा. मालीत दहशतवाद्यांशी लढायला अधिकारी अमेरिकेत शिकवून आणले. त्यांतल्याच कॅप्टन सानोगोनं मार्च २०१२मध्ये स्वतःच्याच सरकारवर बंदूक रोखली. २०१३पासून युरोपीय प्रशिक्षक आले, मग २०२०ला पुन्हा उठाव, २०२२ला फ्रेंच फौज निघाली आणि तिची जागा रशियन भाडोत्र्यांनी घेतली.

मग परक्यांकडून शिकूच नये? असं मी म्हटलं तर तुम्ही मला उद्याच खोटं पाडाल. इराकच्या दहशतवादविरोधी दलाला अमेरिकेनंच घडवलं, आणि २०१६-१७मध्ये मोसुल परत घेताना गल्लीबोळात सर्वांत जास्त रक्त त्यांनीच सांडलं. आपली एनएसजी १९८४च्या घडामोडींनंतर उभी राहिली ती ब्रिटनच्या आणि जर्मनीच्या कमांडो दलांचा नमुना समोर ठेवून. २६/११नंतर आपल्या राज्यानं फोर्स वन उभं केलं. मिझोराममधल्या वैरेंगतेच्या जंगलयुद्ध शाळेत तर परदेशी सैनिक, अगदी अमेरिकन सुद्धा, आपल्याकडून शिकून गेले. तिथं बिल स्पष्ट आहे, हुकूम स्पष्ट आहे, आणि शिकवणी संपली की शिकवणारा किंवा शिकणारा घरी जातो. घरी जाण्याची तारीख ज्या करारात नाही, त्याला मी भितो.

कंटिंजंटच्या करारात ती नव्हती. १८६०ला धाराशिव आणि रायचूर निझामाला परत मिळालं, ५० लाखांचं कर्ज माफ झालं. कर्ज फिटलं, मग वऱ्हाड? ते तारण म्हणून राहिलंच. निझामाचा दिवाण सालारजंग यानं वऱ्हाड परत मागितलं, फौजेच्या खर्चासाठी रोख ठेव ठेवायची तयारी दाखवली, १८७६ला थेट लंडन गाठलं. तिथं मानसन्मान झाला, मेजवान्या झाल्या, वऱ्हाड मिळालं नाही. शेवटी १९०२ला व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबादला आला आणि वर्षाला २५ लाख रुपये खंडानं वऱ्हाड कायमच्या पट्ट्यावर लिहून घेतलं. पुढच्याच वर्षी ज्या फौजेसाठी हा सगळा व्यवहार झाला होता ती हैदराबाद कंटिंजंट मोडून हिंदी सैन्यात मिसळून टाकली, आणि वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं. त्या २५ लाखांतूनही आधी निझामाकडची जुनी येणी वळती होत राहिली.

वेळ झालेली दिसते, अध्यक्ष घड्याळाकडं बघताहेत. प्रश्न असतील तर आता विचारा. नौसाजी नाइकाबद्दल कुणाच्या घरी जुने कागद असतील तर मात्र मला वेगळं भेटा.